पनवेलला होडी पाहायला

नाशिकहून पहाटेची एसटी धरली तेव्हा पिशवीत दोन जोडी कपडे, एक विजेरी आणि विकायला काढलेल्या दोन होड्यांचे पत्ते होते. निवृत्त झाल्यापासून माझा पाय घरात ठरत नव्हता. किनाऱ्याकिनाऱ्याने, बंदरात मुक्काम करत, थेट गोव्यापर्यंत जायचं असं मनाने घेतलं होतं. त्यासाठी आत निजता येईल अशी होडी हवी होती. नवी घ्यायची ऐपत नव्हती. जुनी घेतली तरी फंडाच्या पैशांतला मोठा घास जाणार होता.

शीळफाट्यानंतर तळोज्याचे कारखाने लागले. खिडकीतून आंबूस वास आला, शेजारच्या बाईने सवयीने पदर नाकाला लावला. गाडी कुठे थांबली की मी उठून उभी राहत होते. शेवटी ती बाईच म्हणाली, "बसा ओ, तुमी उभ्या राहून गाडी नाय पळणार."

पनवेलला स्थानकावर धाकटी बहीण वसू आली होती. ती सुकापूरला राहते. "ताई, बघायला येते मी," तिने आधीच बजावलं, "पण घेऊ देणार नाही."

पहिली होडी पळस्प्याला, गोव्याच्या रस्त्यालगत एका गॅरेजमागे विटांवर ठेवलेली होती. समुद्रापासून इतक्या लांब ती कशी आली, ते मालकालाही नीट सांगता येईना. फोटोत देखणी दिसत होती. केबिनचं दार उघडलं तर आत पाणी साचलेलं आणि गादीवर अळंबी उगवलेली. बुडाला अंगठा लावला तर फायबर पापडासारखं दबलं.

"रंग मारला की झकास होईल," मालक म्हणाला.

"आणि आधी बुडेल कोण, होडी का आम्ही?" वसूने विचारलं आणि मला हाताला धरून बाहेर काढलं.

दुसरी होडी खाडीत होती. तिचे मालक हमीदभाई आखातात टगबोटीवर नोकरी करून परतले होते. मासेमारीची जुनी लाकडी होडी घेऊन त्यांनी तिच्यात निजायला दोन बाकं, स्टोव्हपुरता ओटा आणि छोटी डोलकाठी बसवली होती. आता गुडघे साथ देत नव्हते, म्हणून विकायची होती. किंमत माझ्या आवाक्यातली होती. मी लाकडावर हात फिरवला आणि मला आजच निघावंसं वाटलं.

"चालवून दाखवा ना."

"आता सुकती (ओहोटी) लागलीय, बाई. जरा सब्र करा. भरतीला जाऊ."

मला कुठला धीर! जवळच एक फेरी मारू, म्हणून मी त्यांच्या मागेच लागले. शेवटी नाइलाजाने त्यांनी इंजिन सुरू केलं. खारफुटीच्या वळणावर होडी खालून खरवडली आणि थांबली. बघता बघता पाणी ओसरलं, होडी एका अंगावर कलली. आता चहूकडे नुसता चिखल.

"पाणी येईपर्यंत इथेच," हमीदभाई शांतपणे म्हणाले. मला बोल लावला नाही त्यांनी, त्याचीच जास्त लाज वाटली.

मी होडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालू लागले. मग उतरून काठ गाठावा म्हणून पाय टाकला, तर मांडीपर्यंत आत गेले. दोघांनी मला ओढून वर घेतलं. चप्पल चिखलातच राहिली.

हमीदभाईंनी डबा उघडला. त्यांच्या बायकोने सांदणं (तांदळाची वाफवलेली, गोडसर, इडलीसारखी) दिली होती. ती मऊ सांदणंही मी दोन घासांत संपवली आणि पुन्हा क्षितिजाकडे पाहत राहिले. वसू मात्र कललेल्या नाळीवर, होडीच्या पुढच्या टोकावर, पाय पसरून निवटे (चिखलावर उड्या मारणारे मासे) बघत होती.

पाणी परत येऊ लागलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, माझ्या खिडकीसमोर सकाळपासून रात्रीपर्यंत इमारतींचं काम चालतं. घरात मी टीव्ही लावून बसते, तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून. आज किती दिवसांनी काहीच न लावता बसले." मग तिने हमीदभाईंना विचारलं, "ही लांब कुठे नेली नाही, इथेच ठेवली, तर चालेल का?"

"बेशक. हिचंही वय झालं. गोव्याचा पल्ला कशाला? जवळपास फिरवा, दुआ देईल."

"वसू, होडी घ्यायला मी आलेय," मी म्हटलं.

"मग घे. पण रोज एवढा वेळ थांबावं लागलं, तर थांबशील?"

मी काठ किती लांब आहे ते पाहू लागले. खाली होडी हलली, सरळ झाली, तरंगू लागली. मला काठ हवा होता, आणि वसूला अजून थोडा वेळ.

होडी तिने घेतली. मला वाईट वाटलं, हेवाही वाटला. रात्री तिच्या घरी ती होडीला पडदे कुठल्या रंगाचे शिवायचे ते बोलत राहिली आणि मी हूं हूं करत राहिले.

परतीच्या एसटीत उमगलं, की मला होडी नकोच होती, मला निघायचं होतं. कसाऱ्याच्या घाटात गाडी तापली. चालक पाणी ओतू लागला, लोक सावलीला बसले. मी वसूच्या ढगळ चपलांत पुढच्या चढाला लागले. दरीतून वारा येत होता. मागून कंडक्टर ओरडला, "ओ मावशी, कुठे निघालात? गाडी सुरू होतेय!"

"या तुम्ही मागून," मी हात हलवून सांगितलं, "पुढच्या वळणावर चढते."