खालून आलेले दोन ठोके

आमच्या घरात इंटरनेट वरून खाली जायचं. अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या रस्त्यावर वडिलांनी बांधलेलं दुमजली घर. वर मी, बायको आणि मुलगी; खाली धाकटा भाऊ, त्याची बायको आणि आई. फोन माझ्या नावावर होता, म्हणून ब्रॉडबँडही वरच आलं. दोन घरांना दोन जोडण्या कशाला, एकच वापरू, असं मीच म्हणालो होतो. हे मुद्दाम सांगतो. सुरुवातीला माझ्या मनात काही नव्हतं.

भाऊ आणि मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जाऊन एक जादा नेटवर्क कार्ड आणि वीस मीटर निळी केबल घेतली. केबलच्या टोकांना पिना बसवता बसवता सिंधी दुकानदाराने विचारलं, "साईं, नेट एक, घर दो. बटन किसके हाथ में रहेगा?"

"बडे भाई के," भाऊ म्हणाला.

"फिर ठीक है. छोटे को सिर्फ हाथ जोडने हैं."

आम्ही तिघंही हसलो.

बटण खरंच माझ्या हातात होतं. मोडेम माझ्या कॉम्प्युटरला लावलेला आणि तिथून निघालेली निळी केबल गॅलरीतून खाली त्यांच्या खिडकीत. माझं मशीन चालू असलं तरच खाली नेट. शिवाय सेटिंगमध्ये एक बारीकसा चौकोन होता. त्यात बरोबरची खूण केली की खाली सुरू, काढली की बंद. नेट अडकलं की भावाची बायको खिडकीशेजारच्या पाइपवर लाटण्याने दोन ठोके द्यायची. आम्ही तिला घरात धाकटीच म्हणतो. मी बघायचो, नीट करायचो आणि वरून एक ठोका द्यायचो. म्हणजे झालं, बघ आता.

धाकटीने कल्याणला मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनचा कोर्स केला होता. परदेशातले डॉक्टर पेशंटबद्दल जे बोलून ठेवतात ते हेडफोनवर ऐकायचं आणि टाइप करून पाठवायचं. घरबसल्या नोकरी. शेवटची परीक्षा तेवढी राहिली होती. दुपारी बाराला फाइली येणार, चारच्या आत टाइप करून परत पाठवायच्या. उशीर झाला तर नाव बाद, पुन्हा संधी नाही.

ही नोकरी लागली की ते दोघं खरवईला फ्लॅट घेणार होते. बघूनही आले होते. भाऊ म्हणाला, "चौथा मजला आहे दादा, लिफ्टचा अजून पत्ता नाही. आई तुमच्याकडेच राहील." मी हो म्हणालो. आईचे गुडघे गेले होते. अंघोळीपासून सगळं तिचं करावं लागायचं, रात्री दोनदा उठून बाथरूमला न्यावं लागायचं. ते सगळं धाकटी करत होती.

मला आई नको होती असं नाही. तिचं करायला नको होतं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

परीक्षेच्या दिवशी खाली शांतता हवी म्हणून भावाने कामावर जाताना आईला धरून वर आणून बसवलं. माझी दुसरी पाळी होती, पण मी सुट्टी टाकली होती. कशासाठी, ते तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं. बायको ऑफिसला, मुलगी शाळेत. आई माझ्या मागे खुर्चीत लसूण सोलत होती.

तीन पंचविसला मी ती खूण काढली.

पाच मिनिटांत पाइप वाजला. दोन ठोके. माझा हात माउसवरच होता. पुन्हा दोन. मग जोरात.

"अरे, खालून वाजवतेय ती," आई म्हणाली.

"ऐकलं."

"मग बघ की."

"वाजवू दे, आई."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग पुढची पाकळी घेतली.

जिन्यावर पावलं वाजली तसा मी फोनचा रिसीव्हर कानाला लावला. धाकटी दारात. हेडफोन गळ्यातच होता.

"दादा, नेट गेलं का? सगळं टाइप झालंय, नुसतं पाठवायचं राहिलंय."

"नेटची लाइनच गेलीय गं. कंपनीला फोन लावतोय." कानात डायलटोन स्वच्छ वाजत होता.

"मोडेमचे दिवे तर लागलेत."

"दिव्यांचं काही खरं नसतं."

तिने विश्वास ठेवला. नेटमधलं दादाला कळतं, असं घरात सगळेच मानायचे. फ्लॉपीत फाइली भरून ती धावतच रिक्षा पकडायला गेली, स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत. अजूनही मी ती खूण करू शकलो असतो, गल्लीच्या तोंडाशी तिला गाठून परत आणू शकलो असतो. मी घड्याळ बघत बसलो.

चार वाजून पाच मिनिटांनी खूण परत केली. आणि उठून पाइपवर एक ठोका दिला. खाली कोणी नव्हतं, तरी दिला.

ती परत आली. कॅफेत लोडशेडिंग होतं, मालक बाहेर पायरीवर बसला होता.

"आलं का नेट?"

"आत्ताच आलं."

"बरं," म्हणून ती खाली गेली. उशिरा का होईना, तिने फाइली पाठवल्या. उत्तर दोन ओळींचं आलं.

खरवई राहिलं. आई आणखी सात वर्षं खालीच होती, त्यातली शेवटची दोन अंथरुणावर. सगळं धाकटीने केलं. पाइपवर मात्र तिने पुन्हा कधी ठोका दिला नाही.

आई गेल्यावर महिन्याभराने मी खाली जाऊन तिला सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. हात थांबले नाहीत.

"किती वेळ बंद ठेवलं होतंत?"

"चाळीस मिनिटं."

"मला दोन पुरली असती." तिने उशीचा अभ्रा झटकून दोरीवर टाकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई त्या दिवशी वर होत्या ना? त्यांना माहीत होतं?"

"नाही गं. झोपली होती ती."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि अभ्र्याला चिमटा लावत तशीच उभी राहिली.

सगळं खरं सांगायचं ठरवून गेलो होतो आणि एवढं एक खोटं बोलून आलो. आज तेही लिहून टाकतो. आई जागी होती. त्या संध्याकाळी भाऊ तिला खाली न्यायला आला, तेव्हा तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि हळूच म्हणाली, "मला खालीच राहायचंय रे."