कोरी प्लेट

माझ्या सासूबाई गंगापूर रोडच्या आमच्या घरी, पुढच्या हॉलमध्ये, इंग्लिश स्पीकिंगचा क्लास घेत. मलाही इंग्रजी बोलायला त्यांनीच शिकवलं. त्या इंग्रजीच्या जोरावर मला पुढे एका दवाखान्यात रिसेप्शनची नोकरी लागली, आणि हे उपकार त्या मला महिन्यातून एकदा तरी ऐकवत. मी मान डोलवत असे. त्यांनी शिकवलेला एक शब्द मात्र मी त्यांच्यावरच उलटवायचा म्हणून सात वर्षं सांभाळून ठेवला होता. तो शब्द म्हणजे डिनर.

माझ्या माहेरचा मळा गिरणारे गावाच्या पुढे. तिथे सकाळी न्याहारी, दुपारी बांधावर भाकरी आणि दिवे लागले की जेवण, एवढंच होतं. लग्न होऊन मी गंगापूर रोडला आले आणि मला कळलं की आम्ही आजवर नुसतं पोट भरत होतो. सासूबाईंच्या मते जेवण म्हणजे भूक लागली की करतात ते. डिनर रात्री नऊला असतं, भूक असो वा नसो. डिनर ‘ईट’ करत नाहीत, ‘हॅव’ करतात. त्याच्या आधी सूप लागतं, मांडीवर नॅपकिन लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डिनरला कुणी कुणाला आग्रह करत नाही. आग्रह करणं गावंढळपणाचं दिसतं. हा नियम मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आला, कारण मी सासऱ्यांच्या पानात न विचारता पोळी टाकली होती.

माझे वडील, आबा, दुसऱ्याच्या घरी आपल्या हातानं घेऊन कधीही खात नसत. त्यांचंच नव्हे, आमच्या सगळ्या भावकीचं तसं होतं. वाढणाऱ्यानं वाढायचं, खाणाऱ्यानं एकदा नको म्हणायचं, वाढणाऱ्यानं ते ऐकायचं नाही. खरोखरच नको असेल तर दोन्ही हात पानावर आडवे धरून वाकायचं, मग कुणी वाढत नाही. पाहुणा म्हणून गेल्यावर स्वतः भातात डाव घालणारा माणूस आबांच्या लेखी हावरट होता. टोमॅटोच्या लागवडीपासून तोडणीपर्यंत सगळं स्वतःच्या हातानं करणारा हा माणूस पाहुणा म्हणून ताटाशी बसला की लहान मुलासारखा वाट बघत बसायचा.

सत्त्याण्णव साल असेल. लग्नाला दोन महिने झाले होते. सासूबाईंनी आबांना डिनरला बोलावलं. आई आली नाही, म्हैस व्यायला झाली होती. आबा साडेसहालाच आले, कारण जेवायला बोलावलंय तर दिवेलागणीला पोचावं एवढंच त्यांना माहीत होतं. पांढरा सदरा, टोपी, आणि हातात फ्लॉवरचे गड्डे भरलेली पिशवी. क्लासमधल्या चार बायका नवऱ्यांना घेऊन आठनंतर आल्या, तोवर आबा सोफ्याच्या कडेला बसून होते. सूप आलं तेव्हा त्यांनी वाटी उचलून तोंडाला लावली. एका बाईनं दुसरीकडे बघितलं. मला ते स्वयंपाकघराच्या पडद्याआडून दिसलं.

त्या दिवशी मला कामाची वाटणी करून दिली होती. मी आत फुलके करायचे, डबा भरला की टेबलावर नेऊन ठेवायचा आणि परत यायचं. कुणालाही वाढायचं नाही. नऊ वाजता सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या, “प्लीज, हेल्प युवरसेल्फ.” सगळे उठले. कुणीतरी आबांच्या हातात प्लेट दिली. आबांनी बेसिनवर जाऊन हात धुतले, पुन्हा सोफ्यावर बसले, प्लेट मांडीवर घेतली आणि थांबले.

मी डबा ठेवायला गेले तेव्हा प्लेट कोरी होती. दुसऱ्यांदा गेले तेव्हाही कोरीच. लोक पुलाव खात होते, पनीरची तारीफ करत होते. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. सासूबाईंनीही माझ्याकडे बघितलं, त्या हसल्या नाहीत. मी आत गेले आणि फुलके लाटत राहिले. नवी होते, सांगितलं होतं तसं वागत होते. साडेनऊला आबा उठले, शेवटची बस जाईल म्हणाले, आणि प्लेट जिथली तिथे, स्वच्छ प्लेटांच्या गठ्ठ्यावर ठेवून गेले.

आईनं नंतर सांगितलं की घरी आल्यावर त्यांनी भाकरी आणि मिरचीचा ठेचा मागून घेतला. डिनर कसं झालं असं तिनं विचारलं, तर म्हणाले, “लय भारी.”

एवढ्यावर मिटलं असतं तर मीही कदाचित विसरले असते. पण पंधरा दिवसांनी क्लासमध्ये ‘ॲट द डिनर टेबल’ हा धडा आला. मी चहाचा ट्रे घेऊन हॉलमध्ये गेले, तर सासूबाई एका व्हिलेज जंटलमनची गोष्ट सांगत होत्या. व्याही आहेत हे त्या म्हणाल्या नाहीत, तेवढी लाज होती. तो गृहस्थ अर्धा तास प्लेट मांडीवर घेऊन कसा बसला, आपल्याला कुणी भरवायला येणार आहे की काय असं बघत होता, आणि शेवटी हवा खाऊन घरी गेला, हे त्यांनी उठून अभिनयासकट करून दाखवलं. पाठ ताठ, गुडघे जुळवलेले, डोळे इकडून तिकडे. आबा हुबेहूब तसेच बसले होते. बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. सासूबाई म्हणाल्या, “ट्रे तिथे ठेव.” मी ठेवला.

दर नव्या बॅचला तो धडा यायचा आणि दर वेळी ती गोष्ट. हळूहळू गोष्ट वाढत गेली. आबांची टोपी वाकडी झाली, सूप सदऱ्यावर सांडलं, फ्लॉवरचे गड्डे सोफ्यावर घरंगळले. यातलं काहीच झालं नव्हतं. मी आत कणीक मळत ऐकायची आणि इतकी रगडायची की पोळ्या अतिशय मऊ व्हायच्या. सासूबाई पोळ्यांचं कौतुक करायच्या. माझं त्या बाईवर प्रेम नव्हतं हे सरळच सांगते. मला तिचं उट्टं काढायचं होतं. भांडून नाही. भांडणात त्या इंग्रजीत गेल्या की मी हरणार हे मला ठाऊक होतं. मला त्यांना आबांच्या मळ्यात, आबांच्या रीतीनं, पानाशी बसवायचं होतं. कुणाच्या तरी हातातल्या डावावर आपली अब्रू अवलंबून असली की कसं वाटतं, ते त्यांना कळायला हवं होतं.

मधल्या काळात किरकोळ सूड चालू होते. त्या डिनर म्हणायच्या, मी मुद्दाम जेवण म्हणायची. एकदा मी दवाखान्यातल्या डिक्शनरीत तो शब्द काढून बघितला. तिथे डिनरचा अर्थ दिला होता दिवसातलं मुख्य जेवण, मग ते दुपारी असो वा रात्री. मला इतका आनंद झाला की समोरचा पेशंट ताटकळत राहिला. म्हणजे आबा दुपारी बारा वाजता बांधावर कांदा फोडून जे करत होते ते डिनरच होतं, रोजचं, गेली चाळीस वर्षं. मी हे पाठ करून ऐन क्लासमध्ये, बायकांसमोर म्हणून दाखवलं. वाटलं होतं, आता बाईचा चेहरा पडेल. सासूबाई म्हणाल्या, “व्हेरी गुड. बघा, आमच्याकडे येऊन किती प्रगती झाली हिची.” बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशीच्या पोळ्याही मऊ झाल्या.

अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खायला घालायचे, ही आमच्याकडची पद्धत. व्याहीविहिणींनाही बोलावतात. लग्नानंतरच्या पहिल्या दोन अधिक महिन्यांत सासूबाईंचे गुडघे दुखत होते, खाली बसवत नव्हतं. तिसऱ्या वेळी मी स्वतः सासूबाईंना निरोप दिला. म्हटलं, आई, आबांनी डिनरला बोलावलंय. किती वाजता, त्यांनी विचारलं. दुपारी बारा, मी म्हटलं. मग ते लंच, त्या म्हणाल्या. मी डिक्शनरीतलं वाक्य पुन्हा म्हटलं. त्यांना हसू आलं आणि त्या यायला तयार झाल्या. मीही हसले, माझी कारणं वेगळी होती.

पाऊस होता म्हणून पंगत टोमॅटोचे क्रेट भरायच्या पत्र्याच्या शेडमध्ये मांडली होती. सासूबाईंना मी मुद्दाम मध्ये बसवलं, म्हणजे दोन्हीकडून वाढता येईल. त्याआधी चुलीपाशी जाऊन चुलतीला आणि तिच्या दोन्ही सुनांना सांगून ठेवलं होतं की आमच्या आईंना आग्रह लागतो, शहरातल्या बायका लाजतात, नको म्हणाल्या तरी थांबू नका. चुलती म्हणाली, “तू नको काळजी करू. उपाशी उठू द्यायची नाय विहिणीला.”

पहिले दोन धोंडे सासूबाईंनी आवडीनं खाल्ले. तिसऱ्याला त्या नो नो म्हणाल्या. चुलतीनं तिसरा वाढला, वर तूप ओतलं. मोठी सून चौथा घेऊन आली आणि नवऱ्याच्या नावानं एक घ्या म्हणाली. धाकटीनं नातवाच्या नावानं वाढला. मग मी गेले. मी त्यांच्या लेकाच्या नावानं सहावा वाढला, आणि तुपाची धार आखडली नाही. त्या थँक्यू म्हणत होत्या, मान हलवत होत्या, एनफ एनफ म्हणत होत्या. पानावर हात आडवे धरून वाकायचं असतं, एवढं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि समोर भावकीतल्या बायका बघत उभ्या. पानात टाकून उठणं म्हणजे त्या घराचा अपमान, हे मात्र त्यांना येताना गाडीत मीच समजावून सांगितलं होतं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. सहावा धोंडा अर्धा खाऊन त्या थांबल्या आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखली. मी देवाच्या नावानं सातवा वाढला. माझ्या आयुष्यात इतकं गोड मला काही लागलं नव्हतं, आणि मी तर अजून जेवलेही नव्हते.

तेवढ्यात आबा पंगतीतून चालत आले. यजमान म्हणून ते शेवटी जेवणार होते, नुसती देखरेख करत होते. त्यांनी माझ्या हातातलं तुपाचं भांडं काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं. मग ते वाकले, सासूबाईंची पत्रावळ चारी बाजूंनी दुमडली, आतले धोंडे आत झाकले आणि ती उचलली. व्याह्यानं विहिणीचं उष्टं उचललं. आबा बायकांना म्हणाले, “ताईंचं झालं. पोटभर जेवल्या त्या.” आणि पावसात गोठ्याकडे निघाले. पानात किती टाकलंय ते एकाही बाईला दिसलं नाही.

मी त्यांच्या मागे धावले. मला भयंकर राग आला होता. सात वर्षांची कमाई त्यांनी एका मिनिटात दुमडून टाकली होती. गव्हाणीपाशी त्यांना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. क्लासमधली गोष्ट, अभिनय, वाकडी टोपी, हसणाऱ्या बायका. तुम्हाला त्या घरात उपाशी ठेवलं तिनं, आणि तुम्ही तिचं पान उचलता, असं काय काय बोलले. आबांनी धोंडे म्हशीपुढे टाकले, पत्रावळ उकिरड्यावर टाकली, सगळं ऐकून घेतलं. मग हात धुता धुता म्हणाले, “तिला आपली रीत म्हाईत नव्हती. तुला व्हती.”

त्यांनी सदऱ्याला हात पुसले.

“तू दोन डाव आली बाहेर डबा घेऊन,” ते म्हणाले. “मला वाटलं, आता वाढशील. मी तुझीच वाट बघत व्हतो.”

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. पाऊस किती आहे ते सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं आणि आत निघून गेले.

परतताना गाडीत गंगापूर रोड आल्यावर सासूबाई म्हणाल्या, तुझ्या वडिलांनी माझं पान उचललं. एवढंच. पुढच्या बॅचला व्हिलेज जंटलमनची गोष्ट आली नाही, नंतरही कधी आली नाही. मी जिंकले असं कुणी म्हणेल. मला सूड घ्यायचा होता तो घेऊन झाला होता, फक्त तो चुकीच्या पानावर वाढला होता.

पण त्या दिवशी शेडमध्ये शेवटची पंगत आबांची होती. बायकांना बाजूला सारून मी एकटीनं वाढायला घेतलं. त्यांनी दोन धोंडे खाल्ले. मी तिसरा घेऊन वाकले, माझ्या नावानं घ्या म्हणाले. आबांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले.