कठड्याच्या अलीकडे

माझ्या मुलाचा एक पाय कठड्यावर होता आणि त्याच्या कमरेचा पट्टा माझ्या दोन्ही मुठींत होता. खाली मैदानात गोलकीपर पालथा पडला होता. समोरच्या खेळाडूचा गुडघा त्याच्या कानाखाली बसला होता आणि तो आवाज आम्हाला वर बसून ऐकू आला होता. तो हलत नव्हता.

"आई, सोड."

"सोडत नाही."

"अगं, तो उठत नाही! सोड म्हणतो ना!"

"दिसतंय मला. पाय खाली घे."

मुलगा पंचेचाळिशी ओलांडलेला, वजनाने माझ्या दुप्पट. ओढाओढीत माझं एक नख मुळापासून उलटलं. माझ्या हातातला फोन आधीच पायरीवर पडला होता. त्यावर गोलकीपरची आई कोल्हापुरात बसून सामना बघत होती. आता तिला नुसतं आभाळ दिसत असणार.

"काकू, काय झालं ओ? कोण वरडलं? दाखवा की मला," असा तिचा आवाज पायरीवरून येत राहिला.

गोलकीपर आमच्या गल्लीतला. इथे आखातात, रास अल खोरच्या एका गोदामात कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी कामगारांच्या संघातून खेळायचा. त्याला इथे माझ्याच मुलाने आणला. आणताना त्याच्या आईला शब्द दिला होता, "वहिनी, घरचा समजून सांभाळतो." आता तो घरचा माणूस खाली पडला होता, म्हणून मुलाला उडी मारायची होती. आणि मारली असती तर त्याला हा देश सोडावा लागला असता.

आमच्या कोल्हापुरात मैदान आणि माणसं यांच्यात फार अंतर ठेवायची पद्धत नाही. गोल झाला की निम्मी गल्ली आत. खेळाडूला खांद्यावर घ्यायचं, गुलाल टाकायचा, हलगी वाजवायची. पंच शिट्ट्या मारून दमतो, मग सामना पुढे सुरू होतो. माझा मुलगा त्यात वाढला. इथे मागच्या हंगामात गोलकीपरने पेनल्टी अडवली, तेव्हा हा कठडा ओलांडून धावला आणि त्याला उचलून घेतला. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मग पोलीस आले.

परवानगीशिवाय मैदानात उतरणं इथे गुन्हा आहे. त्याला दंड झाला आणि हंगामभर स्टेडियममध्ये पाऊल टाकायला बंदी झाली. पुन्हा असं केलंस तर कैद आणि तिथून थेट गावी, हे त्याला हिंदीत नीट समजावून सांगितलं गेलं. कंपनीच्या साहेबानेही बोलावून तेच ऐकवलं. नात दहावीला होती. बाप गेला की तिची शाळा, सुनेची नोकरी, सगळ्यांचं बिऱ्हाड उचललं.

बंदी संपल्यानंतरचा हा पहिला सामना. अंतिम फेरीचा, म्हणून मोठ्या स्टेडियममध्ये, पोलीस बंदोबस्तात. सून म्हणाली, "आई, तुम्ही सोबत जा. माझं ते ऐकत नाहीत." नात फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आजी, जस्ट मेक शुअर बाबा सिट्स डाउन."

"बाप तुझा आणि राखण मी करायची होय?" मी म्हटलं. पण गेले. अल बर्शाच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून तरी काय करणार होते?

नारिंगी जाकिटातला एक रखवालदार खालून धावत आला. दाढी पिकलेला, पेशावरकडचा असावा.

"हबीबी, पीछे. पैर नीचे."

"वो मेरा भाई है!" मुलगा ओरडला.

"सब का भाई है. पैर नीचे कर, नहीं तो वो लोग आएगा." त्याने मान वळवून दाखवलं. खेळाडू आत येतात त्या बोळापाशी दोन पोलीस उभे होते आणि आमच्याकडेच बघत होते.

मी माझ्या हिंदीत म्हटलं, "ये मेरा लडका है. मैं पकडके बैठी है. तुम हमको मत देखो, नीचे जो पडा है उसको देखो."

"छोड़ना मत, माँजी," तो म्हणाला.

मागच्या रांगेतून कुणीतरी मराठीत बोललं, "भावा, आता उतरलास तर डायरेक्ट विमानातच बसशील." त्याच्या शेजारचा हसला. मी वळून बघितलं तेव्हा तो मैदानाकडे बघायला लागला.

मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "तो मेला तर तुझं तोंड बघणार नाही."

"नको बघूस. खाली बस."

गावाकडे एकदा एक पोरगा असाच पडला होता. सगळी गल्ली मायेने धावली. त्याच्याभोवती एवढी माणसं उभी राहिली की डॉक्टर बॅग घेऊन कडेला ओरडत होता आणि त्याला वाट मिळेना. पोरगा गेला. तसाही गेला असता, असं डॉक्टर नंतर म्हणाला. खरं काय कुणाला ठाऊक.

इथला कायदा चांगला की वाईट, मला सांगता येत नाही. मी चौथी शिकले आहे. ज्यांनी तो केला त्यांना आमची माया माहीत नव्हती. माहीत असती तरी त्यांनी तोच केला असता, आणि मी पट्टा तसाच धरला असता.

खाली दोघेजण गोलकीपरजवळ गुडघ्यांवर बसले होते. त्याच्या मानेभोवती काहीतरी बांधून त्यांनी त्याला अलगद उताणा केला. त्याचा हात बाजूला पडला, ओल्या फडक्यासारखा. मुलाने ते बघितलं. त्याचं अंग पट्ट्यात एकदम जड झालं. मला वाटलं, आता गेला हा कठड्यापलीकडे. पण त्याने पाय खाली घेतला आणि तो पायरीवर बसला.

त्याने फोन उचलला, "वहिनी" म्हणाला आणि तो माझ्यापुढे केला. मी फोन घेतला.

"डोक्याला लागलंय. उठलेला नाही. दवाखान्यात नेतायत."

"काकू, जिता हाय न्हवं?"

"मला माहीत नाही."

खोटं सांगून काय करायचं होतं?

ॲम्ब्युलन्स गेल्यावर एक पोलीस वर आला आणि त्याने मुलाचा आयडी मागितला. कार्ड हातात धरून बराच वेळ मुलाकडे बघत राहिला. मग रखवालदाराला विचारलं, हा आत उतरला होता का.

"नहीं सर. माँ ने पकड़ा था."

पोलिसाने माझ्या बोटाकडे बघितलं. रक्त मनगटापर्यंत आलं होतं. त्याने कार्ड परत दिलं आणि म्हणाला, "यल्ला, जाओ."

दवाखान्यात मुलगा माझ्या शेजारी बसला नाही, समोरच्या बाकावर बसला. गोलकीपरच्या कवटीत रक्त साठलं होतं, ते डॉक्टरांनी काढलं. पुढचं सांगता येत नाही म्हणाले. सून आली, दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि कुणाशी आधी बोलावं ते तिला कळेना. गोलकीपरच्या आईचा फोन सारखा येत होता. तो मीच घेत होते आणि दर वेळी तेच सांगत होते, अजून माहीत नाही.

मुलगा पुढे माझ्याशी बोलायला लागला, पण त्या सामन्याबद्दल कधी नाही. त्याची नोकरी आहे, नात अकरावीत गेली.

गोलकीपर जगला. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही.