तिन्हीसांजेला उघडणारं कुलूप

ती घटना आठवली नाही असा आठवडा अजून जात नाही. खून-दरोड्यांचे तपास केलेल्या माणसानं एका कुलपाच्या आठवणीनं हळवं व्हावं, याचं माझ्या घरच्यांना हसू येतं. येऊ द्या. नावं मी कोणाचीच घेणार नाही, गावाचंही नाही. यवतमाळ जिल्हा, नेरच्या बाजूला, अमरावतीची हद्द जवळ, एवढं पुरे आहे. निवृत्तीला वर्ष उरलं होतं आणि मी तिथे ठाणेदार होतो.

दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळची हजेरी घेऊन मी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच एक निवृत्त गुरुजी अर्ज घेऊन समोर उभे राहिले. अक्षर असं वळणदार, की ठाणे अंमलदारानं तो अर्ज उगाच दोनदा वाचला. मजकूर थोडका होता. ‘माझ्या घराचे कुलूप रोज संध्याकाळी कोणीतरी उघडतो. घरात माझी पत्नी एकटी असते. तिला चालता येत नाही.’

मी विचारलं, “चोरीला काय गेलं?”

“काही नाही गेलं. पण जाईन ना साहेब! माणूस घरात आहे, अन् दार उघडं राहून राह्यलं.”

हकिगत अशी होती. बाईंचं कमरेचं हाड मोडल्यापासून त्या हॉलमधल्या खुर्चीतच बसून असत. गुरुजी रोज पाचला मारुतीच्या देवळाच्या पारावर जात आणि सातनंतर परत येत. तेवढा वेळ घराची काळजी नको म्हणून त्यांनी ऑनलाईन सेलमधून एक स्मार्ट हब मागवला. सेलमधला सगळ्यात स्वस्त. कंपनीचं नाव मी तरी कधी ऐकलं नव्हतं, गुरुजी तर त्याला सरळ ‘डबडं’ म्हणत. हे डबडं टीव्हीशेजारी बसायचं. त्याला कॅमेरा होता, बोलण्या-ऐकण्याची सोय होती, आणि दाराचं कुलूप, घरातले दिवे त्याला वाय-फायवरून जोडलेले होते. मोबाईलवर बोट ठेवलं की कुलूप उघडायचं. गेल्या दीड महिन्यापासून ते आपोआपच उघडायला लागलं होतं. आधी दारापुढच्या ओट्यावरचा दिवा लागायचा, मग कुलपाचा आवाज व्हायचा. समोरच्या शेजाऱ्यानं दोनदा पाहिलं आणि गुरुजींच्या कानावर घातलं.

“तुमच्या मिसेस काय म्हणतात?”

“ते म्हणते, हवेनं उघडलं असन.”

इलेक्ट्रिकचं कुलूप हवेनं उघडत नाही, एवढं मलाही कळत होतं. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि संध्याकाळी बीट हवालदाराला त्या गल्लीत फिरायला सांगितलं.

हवालदाराला गल्लीत कोणी दिसलं नाही. दुसऱ्याच दिवशी आमच्या एका खबऱ्याचा फोन आला. “साहेब, ज्यानं ते डबडं बसवलं ना, त्याच्या मोबाईलमधी अर्ध्या गावाच्या चाव्या हायेत.” खबरी हा प्राणी अर्धं खरं सांगतो आणि उरलेलं आपल्या वैऱ्यावर ढकलतो, हे तीस वर्षांत मी शिकलो होतो. तरीही मी त्या मेकॅनिकला उचलून आणला.

चाळिशीचा माणूस. वडील रेडिओ दुरुस्त करत, हा मोबाईल आणि कॅमेरे बसवतो. मी त्याला तीन तास बाकावर बसवला, पाणीसुद्धा विचारलं नाही. धाकानं माणूस बोलता होतो अशी माझी तेव्हा समजूत होती. आत घेतल्यावर मी आवाज चढवला. तो घाबरला होता, पण डोकं ठिकाणावर ठेवून बोलला.

“साहेब, म्या फिटिंग केलं फक्त. पासवर्ड गुरुजीनं सोता टाकला. मले म्हने, तिकडं तोंड कर. म्या केलं. अन् एक सांगू का? चोर दरवाजा खोलन, पन पुन्हा लावून कायले जाईन?”

“लावून जातो म्हणजे?”

“ॲपमधी पाहा ना. खुलल्याचा टाइम हाये, तसाच लागल्याचाबी हाये.”

गुरुजींचा मोबाईल आम्ही तपासासाठी ठाण्यात ठेवून घेतला होता. आम्ही नोंदी काढल्या. खरंच, कुलूप रोज उघडत होतं आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत लागत होतं. मेकॅनिकनं नोंदींवरून बोट फिरवलं आणि तो थांबला.

“साहेब, हा तं मगरिबचा वखत हाये.”

मला कळेना. त्यानं समजावलं, मगरिब म्हणजे दिवस मावळल्यावरची नमाज. सप्टेंबरातल्या नोंदी सव्वासहाच्या होत्या. मग सहाच्या, मग पावणेसहाच्या, आणि कालची पाच चाळीसची. दिवस लहान होत गेला तशी वेळ अलीकडे सरकत होती. “हे घड्याळ पाहून नाही चाललं साहेब. कोनीतरी आभाळ पाहून करून राह्यलं. अन् त्या टायमाले मी रोज मस्जिदमधी असतो, मोबाईल बंद. इमामसाहेबाले विचारा.”

विचारलं. खरं निघालं. त्याला सोडला, पण माफी मागितली नाही. ठाणेदारानं माफी मागायची नसते, असं तेव्हा वाटायचं. आज ते नुसतं आठवलं तरी माझी मलाच लाज वाटते.

राहिला प्रश्न, दिवस मावळताना दुसऱ्याच्या घराचं दार कोणाला उघडायचं असतं? आमच्या महिला हवालदार शेतकरी घरच्या, दारव्हा तालुक्यातल्या. त्या मुद्देमालाचं रजिस्टर लिहीत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “सर, तिन्हीसांजेले दिवा लागला का दार लावून ठेवत नाहीत. लक्ष्मी वापस जाते म्हणतेत. माही माय अजूनबी कडी लावू देत नाही.”

मग त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि एक नोंद दाखवली. बाकी सगळे दिवस दहा-पंधरा मिनिटं. एकाच दिवशी दार पुरा एक तास उघडं होतं. तो लक्ष्मीपूजनाचा दिवस होता.

मी खुर्चीत मागे टेकलो. खबऱ्यापासून मस्जिदीपर्यंत सगळीकडे शोध घेतला होता आणि माझ्या आईनं जन्मभर पाळलेली गोष्ट मला एका हवालदारीण बाईंनी सांगावी लागली. हा कोणी बाहेरचा नव्हता. त्या घरात वाढलेलं, त्या दारात दिवा लावलेलं कोणीतरी होतं.

आम्ही दोघं गुरुजींच्या घरी गेलो. हॉलमध्ये बाई खुर्चीत बसल्या होत्या. दुपार टळली होती. चालता न येणाऱ्या, कुठेही न जाणाऱ्या बाईंनी धुवट इस्त्रीचं पातळ नेसलं होतं, केस विंचरून अंबाड्यात फूल खोवलं होतं. खुर्ची दाराकडे नव्हती, टीव्हीकडेही नव्हती, बरोबर त्या डबड्याकडे तोंड करून होती. हे मी पाहून ठेवलं.

मी गुरुजींना विचारलं, “कोणी नवीन फोनवरून आत शिरलं तर या हबचं ई-मेल येतं. तुम्ही ई-मेल बघता का?”

“मले ते नाही समजत. खातं उघडून देल्लं होतं, मंग म्या कधी पाह्यलं नाही.”

“कोणी उघडून दिलं?”

गुरुजी चष्मा पुसायला लागले. हवालदार बाईंनी त्यांच्या परवानगीनं ई-मेल उघडलं. कित्येक महिन्यांची न वाचलेली पत्रं पडून होती. त्यांत सप्टेंबरातलं एक होतं, दुसऱ्या फोनवरून लॉगिन झाल्याचं. ठिकाण उमरखेड. जिल्ह्याचं पार दुसरं टोक.

“उमरखेडला तुमचं कोण आहे?”

“कोनी नाही.” उत्तर इतक्या झटकन आलं, की तिथंच प्रकरण फुटलं म्हणायला हरकत नाही. ज्याचं कोणी नसतं तो माणूस आधी आठवून बघतो.

“पासवर्ड काय ठेवला होता?”

“ते नाही सांगत मी.”

“गुरुजी, तक्रार तुम्ही केली आहे.”

“सांगा ना!” खुर्चीतून बाई बोलल्या. “सांगा का मी सांगू? टाकताना पुटपुटता तुम्ही. दिवसातून चारदा तिच्या नावाचा जप करता, अन् मले चार वर्षांपासून घेऊ देत नाही!”

आणि त्यांनी ते नाव घेतलं. लाडाचं, घरातल्या हाकेचं नाव. ते मी इथे लिहीत नाही, ते त्या घराचं आहे. गुरुजी खाली बसले. मास्तरकी केलेल्या माणसाचा चेहरा मी तसा पडलेला पुन्हा कधी पाहिला नाही.

एकुलती मुलगी. गुरुजींच्या मनाविरुद्ध, जातीबाहेर लग्न करून उमरखेडला गेलेली. त्या दिवसापासून घरात तिचं नाव घ्यायची बंदी होती. बापाचं ई-मेल खातं तिनंच कॉलेजात असताना उघडून दिलं होतं आणि ते तिच्या फोनवर तसंच चालू राहिलं होतं. हबचं पहिलं ई-मेल आलं, तिनं ॲप घेतलं, बापाचा नंबर टाकला. पासवर्डच्या जागी काय टाकावं याचा तिला फार विचार करावा लागला नाही.

“तुम्हाला ठाऊक होतं?” मी बाईंना विचारलं.

“पह्यल्याच दिवशी समजलं. ओट्यावरचा दिवा आधी, अन् मंग दार. अशी सवय म्या एकाच पोरीले लावली होती. ते काही बोलत नव्हती, मीबी बोलत नव्हती. ते पायते, एवढं पुरं होतं मले.”

ठाण्यात येऊन मी मुलीला फोन लावला. नंबर तिच्या मावशीकडून मिळाला. पोलीस म्हटल्यावर ती रडेल असं वाटलं होतं, पण ती रडली नाही. औषधाच्या दुकानात कामाला होती, मागे गिऱ्हाइकांचे आवाज येत होते.

“सर, अंधारात बसलेली दिसायची आई. म्हणून दिवा लावला, तेवढाच खिडकीतून उजेड. अन् दिवा लागला का दार. दुसरं काही नाही केलं.”

“त्यातून बोलता येतं. बोललीस का नाही?”

तिनं गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. “रोज बटणावर बोट ठेवायची सर. पण बाबाले समजलं असतं तर त्यायनं ते काढून फेकलं असतं. मंग आई दिसली नसती मले.”

कायदा स्पष्ट आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या खात्यात शिरणं हा गुन्हा आहे आणि शिरणारी पोटची पोर असली म्हणून तो बदलत नाही. मी गुरुजींना ठाण्यात बोलावून ते सांगितलं. त्यांनी तिथंच अर्ज मागे घेतो असं लिहून दिलं. अर्ज निकाली निघाला, पण माझं काम संपलं नव्हतं. ज्या वाटेनं मुलगी आली त्या वाटेनं उद्या चोरही येऊ शकतो. स्वस्त वस्तू घेतली यात गुरुजींची चूक नव्हती. पण असला हब घेतला की पासवर्ड घरच्या नावाचा ठेवायचा नाही, आपलं ई-मेल आणखी कोणाच्या फोनवर उघडं आहे ते बघायचं, आणि ॲपमध्ये किती फोन जोडलेत ते महिन्यातून एकदा तरी तपासायचं. मी आजही भेटेल त्याला हेच सांगतो.

“पासवर्ड बदलावाच लागेल,” मी म्हटलं.

“बदलला तं... तिले दिसन का?”

“नाही.”

गुरुजींनी मोबाईल टेबलावर उपडा ठेवला. “उद्या या साहेब तुम्ही. दिवस बुडताना या. मले एकट्याले नाही जमत.”

दुसऱ्या दिवशी ते पारावर गेले नाहीत. मी पोचलो तेव्हा बाई नेहमीप्रमाणे खुर्चीत होत्या. आम्ही तिघं दिवस बुडायची वाट पाहत बसलो होतो. त्या अर्ध्या तासात मला माझ्याच नोकरीचं मनापासून वाईट वाटलं. इतकी वर्षं कोणाच्या घरात घुसखोरी झाली की मी एकच प्रश्न विचारत आलो, काय न्यायला आला होता? एखाद्याला त्या घरातलं काहीच नको असतं, नुसतं बघायचं असतं, हे माझ्या तपासात कधी आलंच नाही. संध्याकाळची वेळ तर मी घरी क्वचितच काढली. बंदोबस्त, बदल्या, पुन्हा बंदोबस्त. माझी आई माझी वाट पाहत असायची हे बायको सांगायची. मी ते ऐकून घ्यायचो.

ओट्यावरचा दिवा लागला. कुलूप उघडलं.

गुरुजी उठले. मोबाईलवर त्यांनी नवा पासवर्ड आधीच टाकून ठेवला होता, फक्त शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं. ते डबड्यासमोर जाऊन उभे राहिले, शर्ट खाली ओढला, घसा खाकरला. काय बोलावं हे त्यांना सुचत नव्हतं, ते मला दिसत होतं. चार वर्षांचं काय काय त्यांच्या तोंडाशी आलं असेल, आणि निघालं ते एवढंच.

“पासवर्ड बदलून राह्यलो. लिहून घे.”

आणि ते एका दमात अक्षरं, आकडे म्हणून मोकळे झाले. पासवर्ड कोणालाही मोठ्यानं सांगू नये, हे मीच त्यांना कालच बजावलं होतं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

डबड्यातून काहीच आलं नाही. बाईंनी पदर तोंडाशी धरला. मला वाटलं, पलीकडे कोणी नाहीच.

मग खरखर झाली.

“बाबा, हळू सांगा ना जरा. पेन सापडत नव्हता.”

गुरुजींनी मान हलवली. वर्गात शुद्धलेखन घालतात तसं, एकेक अक्षर सुटं करून, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. ते माझ्या कानावर पडू नये म्हणून मी टोपी उचलली आणि बाहेर येऊन जीपजवळ उभा राहिलो.