भरदुपारी पेटलेला दिवा

आमचे भावजी, म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. सगळी गल्ली त्यांना बत्तीराव म्हणते. तीस वर्षं रोज तिन्हीसांजेला कोपऱ्यावरच्या पेटीतलं बटण दाबून गल्लीतले दिवे लावायचे, हे त्यांचं काम. स्वतःच्या लग्नातूनसुद्धा नवरीला "आलोच" म्हणून उठून गेले होते. जाऊबाई अजून ऐकवतात, "माझी सवत खांबावर राहते."

मग उन्हावर चालणारे दिवे आले. वर तिरकी काळी पाटी. ती दिवसभर ऊन साठवते, अंधार पडला की दिवा आपोआप लागतो, उजाडलं की विझतो. बटणच नाही! भावजींना महिन्यातून एकदा पाट्या पुसायचं काम दिलं. "आता दिव्यांना अंघोळ घालतो," म्हणायचे.

आणि आमच्या दारातला दिवा भरदुपारी पेटायला लागला. संध्याकाळी मात्र ठार अंधार. लोक म्हणाले, बटण गेलं म्हणून बत्तीरावच काड्या करतोय. शेवटी ऑफिसातून साहेब आले. भावजींना खांबाखाली उभं करून म्हणाले, "कबूल करा, नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नका."

मी वर गॅलरीत. दिवा भक्क पेटलेला. कान खाली असले तरी हात कुठे थांबतात? वाळलेली गोधडी मी ओढून घेतली.

दिवा विझला.

गोधडी परत टाकली, पेटला. काढली, विझला. अगं बाई! गॅलरीला खेटून ती छान तापलेली पाटी. आठवडाभर मी तिच्यावर तान्ह्या नातीच्या ओल्या गोधड्या वाळवत होते. पाटीला ऊन दिसेना, तिला वाटलं रात्रच झाली! साठवलेलं ऊन दुपारीच संपायचं, मग संध्याकाळी कुठला उजेड?

"साहेब, गुन्हेगार वर आहे!" मी ओरडले, आणि पुन्हा गोधडी टाकून दाखवली. साहेब आ वासून बघत राहिले.

"आजी, काय केलंत हे!" म्हणाले. मग भावजींकडे न बघताच, "उद्या वेळेवर या."

ते गेल्यावर मी खाली उतरले. "भावजी, तुम्हाला कळलं नाही?"

"आत्ताच कळलं. साहेब झापत होते तेव्हा एकदा वर बघितलं. पाटीवरच्या गोधडीला माझ्याच जुन्या सदऱ्याचं ठिगळ दिसलं."

"अहो, मग बोलायचं ना! नोकरी जात होती, आणि तुम्ही मान खाली घालून उभे?"

"पुन्हा मान वर केली असती, वहिनी, तर साहेबांनीही वर बघितलं असतं."