कानशीला लावलेलं कुंकू

आजही डोळे मिटले की आयटीआयचं ते पत्र्याचं वर्कशॉप दिसतं. उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात लोखंडाची धूळ हळूहळू तरंगत असते आणि मी, फिटर ट्रेडची एकुलती एक मुलगी, त्या धुळीकडे बघत उभी असते.

खंडेनवमी होती. आम्ही हत्यारं पुसून सतरंजीवर मांडली होती आणि भक्तीच्या भरात लोखंड घासायच्या कानशींनाही तेल चोपडून हळदकुंकू लावलं होतं. कानशीच्या दातांना तेलाचं बोटही लागू द्यायचं नाही, हा आमचा पहिल्या दिवसाचा धडा. पण पूजेच्या वेळी धडे कुणाला आठवतात! आमचे सर मुसलमान, बीडमधल्या मेकॅनिकच्या घरातले. दुसऱ्यांच्या पूजेत आपण कशाला बोलायचं, म्हणून ते गप्प राहिले. नारळ मात्र त्यांनीच आणला होता.

नेमके त्याच दिवशी कंपनीचे पाहुणे आले. बीडला कारखाना टाकला तर इथं शिकलेले कारागीर मिळतील का, हे त्यांना बघायचं होतं. ते येणार हे कळल्यापासून मी तर महिनाभर स्वप्नातच होते. कारखाना येणार, मी रोज माझ्या गावाहून, लिंबागणेशहून, एसटीनं कामाला जाणार आणि दिवेलागणीला आईपाशी परत. मला घर सोडायचं नव्हतं, एवढंच माझं मागणं.

"काहीतरी करून दाखवा," पाहुणे म्हणाले. पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्याआधी कोण उचलणार?

"सर, उचलू का?" मी विचारलं.

"सण तुमचा हाय बेटा. मी कसं सांगू? तुज्या मनाला इचार."

मी गावच्या गणपतीची माफी मागितली आणि कानस उचलली. लोखंडाच्या पट्टीवर टेकवली तर सुळकन घसरली. पुन्हा घासली, पुन्हा घसरली. एक पाहुणा घड्याळ बघायला लागला. तेवढ्यात सरांनी फळ्याजवळचा खडू आणून माझ्या हातात ठेवला. मी ब्रशनं कानशीचे दात साफ केले, खडू चोळला, त्यानं तेल पिऊन टाकलं. मग कानस लोखंडाला धरायला लागली आणि पुढचा वेळ कुठं गेला ते मला खरंच सांगता येणार नाही. पाहुण्यांनी पट्टीला काटकोन तपासायचा गुण्या लावून ती खिडकीकडे धरली. फटीतून उजेडाचा कणही येत नव्हता.

"असेच हात आम्हाला पाहिजेत," ते म्हणाले. आम्ही वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

बीडला कारखाना आला नाही. महिन्याभरानं त्यांची बस आली, आम्हा अकरा जणांना पुण्याकडं, चाकणच्या त्यांच्या कारखान्यात न्यायला.

सर खिडकीखाली उभे होते. आधी हसले, मग खडूचा डबा माझ्या हातात देत म्हणाले, "कशापायी इतकं चांगलं शिकवलं म्या तुमाला?"

बस हलली. डबा मांडीवर घेऊन मी लिंबागणेशच्या दिशेला बघत राहिले.