एरंडेल बाईंचा पिवळा फोम

एरंडेल बाई फोमला मार्क द्यायच्या. शंभरपैकी, तांबड्या पेन्सिलीने, थेट ठोकळ्यावर, आणि खाली सही. पस्तीसला पास. मी त्या कारखान्यात खरेदी खातं सांभाळायला लागलो त्या वर्षाअखेरीस प्रयोगशाळेच्या कपाटात असे साठ-सत्तर ठोकळे रचलेले होते आणि त्यांतला एकही पास झालेला नव्हता. एकाला चौतीस होते. मी नवखा. म्हणालो, "बाई, एक मार्क वाढवून टाका की." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वाढवते. पण मग तो आकसायचा थांबेल का?" पुढची सात वर्षं मी त्यांना सल्ला देताना जरा जपूनच राहिलो.

कारखाना डोंबिवलीच्या एमआयडीसीत. मासळीच्या बर्फपेट्यांत आणि फ्रीजच्या भिंतींत भरतात तो कडक फोम आम्ही बनवायचो. बाई तिथल्या केमिस्ट. त्याआधी त्या डोंबिवलीतल्याच एका शाळेत विज्ञान शिकवत. संस्थेच्या कुणा विश्वस्ताच्या पुतण्याला त्यांनी नापास केलं, वरून निरोप आला तरी आकडा बदलला नाही आणि राजीनामा देऊन घरी आल्या. "फोम बरा," त्या म्हणायच्या. "तो कोणाचा पुतण्या नसतो." शाळा सुटली पण 'बाई' काही सुटलं नाही. मागचं एरंडेल नंतर चिकटलं, आणि त्याला थोडाफार मीही जबाबदार आहे.

झालं असं की मी लागलो त्याच महिन्यात एका परदेशी गिऱ्हाइकाचं शेठना पत्र आलं. समुद्राच्या लाटेवर उभं राहून घसरत जाण्याच्या फळ्या तो बनवत असे, आणि त्या फळीच्या पोटातला फोम त्याला हवा होता. अट अशी की फोम गॅसने फुगवलेला नको. तेव्हा सगळेच फोम एका गॅसने फुगवत. तो गॅस वर जाऊन ओझोनच्या थराला भोकं पाडतो, असं नुकतंच पेपरात यायला लागलं होतं. शिवाय जमेल तितका माल झाडापासून काढलेला असावा. शेठनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "लाटेवर उभं राहायचं? कशाला पण?" मग त्यांनी ते बाईंकडे सरकवलं. चार दिवस खेळतील आणि सोडून देतील, असा त्यांचा हिशेब असावा. माणूस ओळखायला शेठ तसे कच्चेच.

बाईंनी एरंडेल निवडलं. मी मशीद बंदरच्या तेलवाल्याला फोन करून ड्रमाने एरंडेल मागवलं तेव्हा तो म्हणाला, "काय साहेब, अख्ख्या कारखान्याचं पोट धरलंय का?" हा विनोद मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितला. संध्याकाळपर्यंत बाईंचं बारसं झालेलं होतं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "नाव ठेवा, पण तेल वेळेवर आणा."

तेल, चमचाभर पाणी आणि दुसऱ्या ड्रममधलं, फोम घट्ट करणारं उग्र रसायन कागदी कपात घालून बाई बांबूच्या काडीने ढवळायच्या. दुसऱ्या हातात घड्याळ. पाण्यामुळे मिश्रणात बुडबुडे धरत आणि पिवळाधम्मक फोम कपाबाहेर डोकं काढी. आम्ही खूश. दोन दिवसांनी बघावं तर तो सुरकुतून बसलेला. पावसाळ्यात तर हवाच ओली, तेलही ओलं. सोमवारचं माप मंगळवारी चालत नसे. बाई तेल तापवून सुकवायच्या, गार करायच्या, पुन्हा कप मांडायच्या. छोटा ठोकळा जमला की मोठा करपायचा. बाहेरून सोन्यासारखा, आत तपकिरी. म्हणून त्या प्रत्येक ठोकळा करवतीने मधोमध कापत. आतून पाहिल्याशिवाय मार्क नाहीत.

मी एकदा म्हटलं, "नमुन्यावर 'शुद्ध नैसर्गिक' लिहू या का? बरं दिसेल." बाई उसळल्या. "अर्धंच झाडाचं आहे. उरलेलं अर्धं त्या ड्रममधलं विष आहे, ते कुठल्या झाडाला लागतं?" त्या विषाच्या वाफेने कामगार खोकत. बाईंनी शेठकडे हवा ओढणारा पंखा चार वेळा मागितला. पाचव्या वेळी त्यांनी ते रसायन झाकणाच्या वाटीत घेतलं, केबिनमध्ये जाऊन शेठच्या टेबलावर ठेवलं, झाकण काढलं आणि समोरच्या खुर्चीत बसून राहिल्या. पंखा त्याच आठवड्यात लागला.

पहिली आखूड फळी जमली तेव्हा ती पाण्यात कशी वागते हे बघायला त्या मला कोलशेतच्या खाडीवर घेऊन गेल्या. खाडीला लाट कुठली? गुडघाभर चिखल आणि संथ पाणी. तिथले नामादेव कोळी बाईंच्या ओळखीचे. आमच्या बर्फपेट्या ते वापरत. त्यांनी फळी पाण्यात दाबली, उलटी केली, वर बसून वल्ह्याने दोन चकरा मारल्या. बाईंनी सांगितलं की हिच्यावर उभं राहायचं असतं. नामादेव हसायलाच लागले. "उबं कशाला रवाचं गो बाय? बसाला काय झालं?" बाईंनी वहीत गंभीरपणे नोंद केली: बसण्यास योग्य.

दोन वर्षं अशी गेली. मग गिऱ्हाइकाने कळवलं की तो स्वतः येतोय, सात फुटी अखंड फळी बघायला. बाईंची सात फुटी फळी अजून आतून करपत होती. त्यांनी शेठना सांगितलं, "आणखी सहा महिने द्या." शेठ हो म्हणाले. आणि मला केबिनमध्ये बोलावून त्यांनी गॅसचा एक ड्रम आणि पिवळा रंग मागवायला सांगितला. कशासाठी ते मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. बाई रविवारी घरी असताना नेहमीच्या गॅसच्या फोममध्ये रंग कालवून फळी ओतली गेली. फारच देखणी झाली होती.

सोमवारी तो गोरा माणूस आला. फळीवरून हात फिरवून त्याने बाईंचं अभिनंदन केलं. बाईंनी फळीवर अंगठा दाबला. पुन्हा दाबला. मग भिंतीवरची करवत काढली आणि आम्ही सगळे बघत असताना ती फळी मधोमध कापली. आत एकसारखा, बारीक, निर्मळ फोम. कुठे डाग नाही. त्यांनी दोन्ही तुकडे पाहुण्यासमोर धरले आणि शाळेतल्या स्वच्छ इंग्रजीत जे सांगितलं ते असं: "हे माझं नाही. माझं अजून इतकं चांगलं होत नाही. हा गॅस आहे." मग कपाटातून स्वतःचा चौतीस मार्कांचा ठोकळा आणून त्यांनी त्याच्या हातात ठेवला. "माझं हे आहे."

शेठचा चेहरा पडला. पाहुणा ठोकळा घेऊन गेला, पण ऑर्डर आली नाही. बाईंना दुपारीच घरी जायला सांगण्यात आलं. मी बूट बघत उभा होतो. मागाहून धावत फाटकापाशी त्यांना गाठलं आणि सांगून टाकलं, "बाई, तो ड्रम मी मागवला. रंगही."

"माहीत आहे. खरेदी दुसरं कोण करतं?"

"तिथे बोलायला हवं होतं मी. पण नोकरी होती, बाई."

"मलाही होती," त्या म्हणाल्या, आणि रिक्षात बसल्या.

इतक्या साध्या आवाजात मला आजवर कोणी मारलेलं नाही.

बाई घरी बसणाऱ्यांतल्या नव्हत्याच. नामादेवांनी कोलशेतला जाळी ठेवायची पडवी रिकामी करून दिली. तिथे बाई होड्यांसाठी आणि जाळ्यांसाठी तरंगणारे ठोकळे ओतायला लागल्या. तेल तेच, पाणी तेच, गॅस नाही. मी सुट्टीच्या दिवशी जाई. आधी लाजत, मग हक्काने. त्या मला डाव सांगायच्या: एकदम ओतायचं नाही, पातळ थर द्यायचे, एक निवला की दुसरा. तिथल्या चौथ्या वर्षी सात फुटी फळी आतपर्यंत पिवळीधमक निघाली. तोवर त्या फळीवाल्याने गाशा गुंडाळला होता. "त्याने गुंडाळला, मी नाही," बाई म्हणाल्या. पण बोलताना त्यांना मध्ये थांबावं लागत होतं. ते रसायन त्यांच्या छातीत बसलं होतं. स्वतःसाठी पंखा मागायला तिथे कोणी शेठ नव्हता.

मग सरकारकडून कारखान्याला कळलं की तो गॅस टप्प्याटप्प्याने बंद करायचा आहे. शेठची झोप उडाली. प्रत्येक ठोकळ्याचं माप टिपलेली बाईंची वही आणायला त्यांनी मलाच पाठवलं. मी बाईंच्या घरी गेलो तो मनातून हेच मागत, की बाईंनी मला हाकलून द्यावं. त्यांनी वही काढून समोर ठेवली. मला राग आला. "त्या माणसाला देता?"

"गॅस बंद व्हायला हवा होता ना? मग कोणाच्या का हाताने होईना. फक्त नापासांची पानं फाडू देऊ नका. पुढच्याला तीच लागतील."

त्यानंतर चार महिन्यांनी बाई गेल्या. मी कोलशेतला नामादेवांना सांगायला गेलो. जाळं शिवत होते, ते शिवतच राहिले. मी मात्र तिथे बसून रडलो.

कारखान्यात वहीबरहुकूम काम सुरू झालं. बिनगॅसचा फोम म्हणून माल जाऊ लागला. पण थरावर थर द्यायला वेळ लागतो. एका सकाळी शेठनी बोलावलं. कोणाकडे तरी गॅसचे ड्रम पडून होते. "थोडासा टाकू. कोण बघायला येतंय? बिल दुसऱ्या कसल्या तरी नावाने घे."

"मी मागवणार नाही," मी म्हणालो.

शेठ खुर्चीतून उठले. "तुला पण त्या एरंडेल बाईचं वारं लागलं काय रे?"

"लागलं," मी म्हणालो. "उशिरा लागलं, पण लागलं."

नोकरी गेलीच. पण खरेदीवर सही माझीच लागे, चोरट्या ड्रमांवर स्वतःची सही करायची शेठची तयारी नव्हती, आणि नवा माणूस मिळेपर्यंत शेठना मला ठेवून घेणं भाग होतं. नवा माणूस मिळायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत आमच्या फाटकातून जेवढा फोम बाहेर पडला, तो सगळाच्या सगळा बाईंचा होता.